बुवांची टेप, मास्तरांचं पुस्तक

पुस्तक वाचनालयातून नेलं होतं एका काकांनी. चार दिवसांनी परत आणलं तेव्हा सातव्या प्रकरणाची सगळी पानं त्यांनी स्टेपलर मारून बंद केलेली होती. "फाडली नाहीत, वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणून," ते म्हणाले. "पण हे कुणी वाचायची गरज नाही." आमच्या भजनी मंडळीच्या बुवांचं भजन असेल तिथे, म्हार्दोळला असो की नार्वेला, आधी सायकलवर आणि मग स्कूटरवर जाणारा हा माणूस. त्यांच्या वडिलांच्या बाराव्याला बुवा बिदागी न घेता येऊन गायले होते. त्यांच्यासमोर पिना काढायचं धैर्य मला झालं नाही. रात्री वाचनालय बंद केल्यावर एकेक करून काढल्या.

पुढच्या सहा महिन्यांत आमच्या भागात जे झालं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे. आमचं वाचनालय फोंडा तालुक्यातलं, देवळाच्या अग्रशाळेतल्या दोन खोल्यांतलं. नावं कुणाचीच देत नाही. बुवा आता नाहीत, पण त्यांचं घर आणि मास्तरांचं घर एकाच वाड्यावर आहे आणि दोन्ही घरची नातवंडं एकाच रिक्षातून शाळेत जातात.

मंडळी आणि पुस्तक

सहा जणांची मंडळी, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. बुवा गायला, मास्तर पेटीवर, एक पखवाज, एक तबला आणि दोघे झांजेवर. कार्तिकापासून चैत्रापर्यंत जत्रांचा हंगाम, श्रावणात सप्ताह, चवथीला घरोघर. कला अकादमीच्या भजन स्पर्धेतही ही मंडळी उतरत असे. गोव्याबाहेरच्या वाचकांना भजनी मंडळाचे चाहते ही गोष्ट कदाचित नवी वाटेल. आमच्याकडे ती नवी नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, तेव्हा कुठल्या पथकाची पाळी कितीला आहे हे विचारत माणसं गावोगावहून येतात. आपला बुवा असतो, तसा दुसऱ्या वाड्याचाही असतो, आणि कुणाचा आवाज मोठा यावर लग्नाच्या पंक्तीत वाद होतात.

मास्तर या मंडळीत सतराएक वर्षं होते. मग एका जत्रेनंतर त्यांनी पेटी उचलली ती परत मंडळीत आणली नाही. का सोडली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बुवांनीही सांगितलं नाही. बुवा गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पैशांनी आत्मचरित्र छापलं. दोनशेच्या आत पानं, साधी बांधणी.

पुस्तकातल्या चार गोष्टींनी गाव पेटलं, म्हणजे खरं तर तीन गोष्टींनी. चौथीचं पुढे सांगतो. पहिली, तुकोबांच्या ज्या अभंगाने बुवांना नाव दिलं त्याची चाल मास्तरांची होती. दुसरी, बिदागीतला अर्धा वाटा बुवा घेत आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीचे. तिसरी, सातवं प्रकरण: शेवटच्या काही वर्षांत बुवा दारू पिऊन बैठकीला बसत आणि एका जत्रेत त्यांना अंतराच उचलता आला नाही.

रसिकांचं काय झालं

"रसिक चिडले" असं एका वाक्यात सांगितलं तर काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. चिडणं प्रत्येकाचं वेगळं होतं.

डिचोलीच्या एक बाई, नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात रोज पहाटे बुवांची कॅसेट लावणाऱ्या, मला फोनवर म्हणाल्या, "दारूचं खरं असेल हो. आमच्या घरातही होती. पण मी तो अभंग आता लावते तेव्हा कान त्यातली दारू शोधतो. माझी पहाट गेली." मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. आजही माझ्याकडे नाही.

सावर्ड्याचे एक ट्रकवाले, खाणी चालू होत्या तेव्हा पाच ट्रकांचे मालक, त्यांनी पुस्तकाच्या दहा प्रती घेऊन वाटल्या. बुवांवर त्यांचा राग नव्हता. "मी ड्रायव्हरचा मालक झालो, पण राबणाऱ्याचा वाटा कोण खातो ते मी जन्मभर पाहिलं," असं त्यांचं म्हणणं. ते मास्तरांच्या बाजूने उभे राहिले ते बिदागीच्या प्रकरणामुळे. चालीबद्दल त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

तरुण मुलं, ज्यांनी बुवांना समोर बसून कधी ऐकलं नाही, ती सगळ्यात कडक होती. खरं असेल ते बाहेर यायलाच हवं, असं ती म्हणत. त्यांच्याशी वाद घालताना म्हाताऱ्यांचा आवाज चढे, कारण मुलांना गमावण्यासारखं काही नव्हतं. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. ज्याच्या घरी बुवा जेवून गेले त्याचं पुस्तक वाचणं आणि ज्याने बुवांचा फोटो फक्त पाहिला त्याचं वाचणं, ही दोन वाचनं एक होऊच शकत नाहीत.

आणि मास्तरांना लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. देवळात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. "जिवंत असताना बोलायची छाती नव्हती," हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलं. ते वाक्य मला त्या वेळी पटलं होतं. आता तितकं पटत नाही, कारण जिवंत बुवांविरुद्ध बोलणाऱ्या पेटीवाल्याचं ऐकून कुणी घेतलं असतं? मी तरी घेतलं नसतं.

चाळीसेक सह्यांचा अर्ज आला: पुस्तक वाचनालयातून काढा. समितीत दोन बैठका झाल्या. पुस्तक ठेवायचं ठरलं, एका मताच्या फरकाने.

बुवांचा मुलगा वकिलाकडे जाऊन आला होता. कायदा त्याला थोडा साथ देणारा आणि थोडा न देणारा निघाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे मेलेल्या माणसाची बदनामीही गुन्हा ठरू शकते, पण नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू दिसावा लागतो. आणि लिहिलेलं खरं असेल, तेही लोकहितासाठी सांगितलेलं असेल, तर लिहिणारा सुटतो. खरं आहे की नाही, हाच तर प्रश्न होता. मुलाने नोटीस पाठवली नाही. एका संध्याकाळी तो कापडी पिशवी घेऊन वाचनालयात आला. पिशवीत अकरा कॅसेट होत्या. "बाबांच्या आहेत. मास्तर म्हणतात ते यात ऐकू येतं का बघूया," म्हणाला. मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात मोठं पाऊल त्याने उचललं, आणि त्याचं श्रेय त्याला कुणी दिलेलं नाही.

एकतीस कॅसेट

आम्ही रसिकांकडे निरोप पाठवले. जत्रेत टू-इन-वन मांडीवर घेऊन बसणारे निदान डझनभर लोक मला आठवत होते. महिन्याभरात एकतीस कॅसेट जमल्या. फिती पांढऱ्या पडलेल्या, काहींवर बुरशी. आमच्या पावसाळ्यात कपाटातलं चामडं हिरवं होतं तिथे फितीची काय कथा. स्टेपलर मारणाऱ्या काकांच्या सहा कॅसेट होत्या, प्रत्येकीवर तिथी आणि देवळाचं नाव बारीक अक्षरात. त्यांनी त्या अशासाठी दिल्या, की मास्तर खोटे ठरावेत.

फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला वाड्यावरचाच एक मुलगा कामाला लागला. एकही फीत तशीच लावायची नाही, हा त्याचा पहिला नियम. स्क्रूवाली कॅसेट उघडायची, सिलिका जेलच्या डब्यात सुकवायची, फितीमागची स्पंजाची गादी गळून पडली असेल तर नवी लावायची, मग एका बाजूने पूर्ण गुंडाळून घ्यायची आणि त्यानंतरच डेकवर चढवायची. तीन कॅसेट त्याने हात जोडून बाजूला ठेवल्या. त्यांची फीत एकमेकीला चिकटलेली होती.

पहिली बैठक चालीसाठी. मास्तरांना बोलावलं, बुवांच्या मुलालाही. वीसेक रसिक आले, त्यात अर्जावर सही करणारे बरेच.

एका जुन्या कॅसेटवर बुवा तोच अभंग वारकरी वळणाच्या साध्या चालीवर म्हणतात. दुसरीवर, कुणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाची, भजन सुरू व्हायच्या आधीचं बोलणं राहून गेलं आहे: भांड्यांचा आवाज, लहान मुलाचं रडणं, पेटीवर अहिर भैरवातली एक ओळ, कोमल निषादावरून शुद्ध धैवतावर उतरणारी, आणि बुवांचा आवाज, "मास्तर, ती जागा परत घ्या." पेटी पुन्हा तीच ओळ वाजवते. बुवा ती म्हणून बघतात, चुकतात, हसतात, पुन्हा म्हणतात. आम्ही सगळे ज्या जागेला "बुवांची जागा" म्हणत आलो ती ही.

खोलीत कुणी काही बोललं नाही. काका खिडकीबाहेर बघत होते.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर चूक झाली असती. पहिल्या, जुन्या कॅसेटच्या शेवटी बुवा साध्या चालीतून मध्येच सुटून वर जातात आणि पुढे ज्याने अभंग गाजला तो मुखडा दोनदा घेतात. तेव्हा ती चाल बांधलेलीच नव्हती. मास्तरांनी तो भाग तीन वेळा लावायला सांगितला आणि म्हणाले, "हे मला आठवत नव्हतं. मुखडा त्यांचा दिसतो." पुस्तकात त्यांनी संपूर्ण चाल स्वतःची म्हटली आहे. माणूस खोटं बोलला असं मला वाटत नाही. ज्या घरात एक गोष्ट पंचवीस वर्षं कुणी मानली नाही, तिथे ती मनात वाढत जाते.

संगीत नाटकाच्या नादी असलेल्या आपल्या लोकांना ही तक्रार नवी वाटायला नको. १९११च्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते पेटीवादक. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर तेही भागीदार होते, पुढे बाहेर पडले, आणि त्यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या. पण आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी त्या पदांना टेंब्यांची पदं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बालगंधर्वांची पदंच म्हणत. कायद्याने मात्र चाल बांधणारा हाच संगीतकृतीचा कर्ता असतो, स्वरलिपीत लिहून ठेवलेली नसली तरी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ते स्पष्ट आहे. आपल्याकडे मंगेशीचे अभिषेकीबुवा होऊन गेल्यावर तरी चाल कुणाची हे विचारायची सवय गोमंतकात लागायला हवी होती. नाटकाबाबत लागली. भजनाबाबत नाही.

बिदागीचं लवकर आटोपतं. एका देवस्थानच्या जुन्या वहीत पूर्ण रकमेपुढे बुवांची एकट्याची सही सापडली. तेव्हा पैसे त्यांच्या हातात जात हे खरं. मात्र टेंपो आणि मायकाचं भाडं ते त्यांच्या वाट्यातून देत, हे पखवाजवाल्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि मास्तरांनी मान हलवली. पुस्तकात ते नाही. असायला हवं होतं.

पेटीला वीज लागत नाही

दुसरी बैठक सातव्या प्रकरणाची. यासाठी मला भीती वाटत होती.

एका जत्रेची कॅसेट ट्रकवाल्यांनी आणली होती आणि गावात त्याआधीच ती फिरली होती. तिच्यात बुवांचा आवाज जड, शब्द ओढल्यासारखे, लय मागे पडलेली. मास्तरांच्या बाजूचे लोक ती पुरावा म्हणून ऐकवत. काकांनीही ती ऐकली होती. पानांना पिना त्यानंतर लागल्या, हे मला तेव्हाच कळलं.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी. टेप करताना ती त्याहून जोरात पळाली असेल, तर नीट डेकवर लावल्यावर सगळं संथ आणि खालच्या सुरात ऐकू येतं. इंजिनीअर मुलाने संगणकावर लाउडस्पीकरची घरघर मोजली. वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघरही त्याच हिशेबात यायला हवी. ती आली ४७च्या आसपास. लोक लगेच म्हणाले, झालं, टेप संथ आहे. मुलगाच म्हणाला, थांबा. त्या काळी विजेची वारंवारता स्वतःच ५०ला टिकत नसे, कधी ४८.५पर्यंत उतरे. तेव्हा घरघरीवरून अंदाज होतो, निकाल होत नाही. पेटीच्या सुरांना मात्र वीज लागत नाही, तो म्हणाला. ती पेटी आहे का?

पेटी मास्तरांच्या घरी होती. ते उठले, कुणाला बरोबर न घेता गेले आणि वीस मिनिटांनी पेटी डोक्यावर घेऊन आले. पंच्याहत्तरीच्या माणसाने चढावरून पेटी डोक्यावर आणली आणि आम्ही वीस जण बसून राहिलो, याची मला लाज वाटते. मंडळी कायम काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गायची. गायकाच्या सोयीसाठी बदलली असं एकदाही झालं नाही, हे चौघा साथीदारांनी वेगवेगळं सांगितलं. कॅसेटवर पेटी येत होती पांढरी एकला, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. जुन्या पेटीचे सूर थोडेफार उतरतात, अर्धा सूर नव्हे. मास्तरांनी काळी एकवर बोट ठेवून भाता ओढला. मुलाने टेप वर आणत आणत त्या सुराला नेऊन भिडवली आणि पुन्हा लावली.

बुवा स्वच्छ गात होते. शब्द सुटे, लय जागच्या जागी. थकलेला आवाज म्हणावं तर म्हणा, पण झिंगलेला नक्कीच नाही.

काका रडले. ट्रकवाले उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मग मास्तर बोलले, अगदी हळू. "मी लिहिलंय ती ही जत्रा नव्हे. त्या रात्री कुणी टेप केलीच नाही. मी होतो, पखवाजवाला होता आणि बाय होती." पखवाजवाल्याने खाली बघितलं. होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सातव्या प्रकरणाबद्दल आम्हाला एवढंच कळलं: जो पुरावा म्हणून फिरत होता तो पुरावा नव्हता, आणि मास्तरांनी तो पुरावा म्हणून कधी पुढे केलाही नव्हता. तो रसिकांनी केला होता. आपल्याला ज्याची भीती असते ते ऐकू यायला अर्धा सूर पुरला.

बाय

चौथी गोष्ट ही. "बाय होती," हे शब्द ऐकेपर्यंत त्या खोलीतल्या कुणालाच, मलाही, पुस्तकातलं एकशे चौदावं पान आठवत नव्हतं. त्या अर्ध्या पानावर मास्तरांनी लिहिलं आहे की तानपुऱ्यावर बसणारी बाई मंडळीबरोबर नऊ वर्षं होती, बुवांचा दम पुरेना तेव्हा अंतऱ्याची वरची बाजू ती उचलायची, आणि छापलेल्या कॅसेटवर तिचं नाव घातलं गेलं नाही. एवढंच. तिच्यावर प्रकरण नाही. चार महिने गाव या पुस्तकावरून भांडलं आणि या अर्ध्या पानावर एक शब्द कुणी काढला नाही. अर्जात नाही, दहा प्रती वाटणाऱ्यांच्या तोंडी नाही, समितीच्या दोन बैठकांत नाही.

त्यानंतर आम्ही अठ्ठावीसही कॅसेट पुन्हा ऐकल्या, तिच्यासाठी. नऊ कॅसेटवर ती आहे. बुवांच्या आवाजाखाली लपलेली नाही, वर आहे. तार षड्जाला बुवा थांबतात आणि ती पुढे जाते. आपण इतकी वर्षं ऐकत होतो आणि तो बुवांचाच आवाज पुढे गेला असं धरून चाललो होतो. याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. आणि सहा जणांची मंडळी म्हणतो.

ती सांगे तालुक्यात मुलाकडे असते. मी आणि बुवांचा मुलगा गेलो. पुस्तक तिने वाचलं नव्हतं, डोळे गेले आहेत. बुवांच्या मुलाने फोनवर तिचा अंतरा लावला. तिने तो संपेपर्यंत ऐकला, मग बुवांच्या मुलाला विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?" त्या रात्रीबद्दल मी विचारलं नाही. विचारायचं ठरवून गेलो होतो. तिथे बसल्यावर तो प्रश्न तिच्याकडे न्यायचा हक्क मला वाटेना. निघताना तिने दोघांच्या हातात खाजं दिलं आणि म्हणाली, "देव बरें करूं."

मास्तर दुसऱ्या आवृत्तीची तयारी करत आहेत. मुखड्याचं आणि भाड्याचं ते दुरुस्त करणार आहेत. सातवं प्रकरण आहे तसंच राहील असं ते म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं, पटलेलं नाही. देवळात मात्र ते आता मास्तरांच्या शेजारी बसतात. डिचोलीच्या बाईंना मी दुरुस्त केलेली ध्वनिफीत पाठवली. त्यांचा फोन आलेला नाही.

वाचनालयात कॅसेटींच्या नव्या डब्यांवर नावं घालायचं काम बुवांच्या मुलाने घेतलं आहे. नऊ डब्यांवर सात नावं आहेत. चिकटलेल्या तीन फिती अजून सुटलेल्या नाहीत. एकीवर काकांच्या अक्षरात जी तिथी आहे ती मास्तरांच्या सातव्या प्रकरणातल्या जत्रेच्या आदल्या दिवसाची आहे.